मोराचा नाच बघायला जाताय? आधी पाठ बघायची तयारी ठेवा

जळगाव जिल्ह्यातल्या यावल-रावेरच्या पट्ट्यात मोर शोधत फिरावं लागत नाही. केळीच्या बागा संपून सातपुड्याचा मुरमाड उतार लागला की पावसाळ्यात नाल्याकाठून आरोळ्या ऐकू येतातच. हाच त्यांचा विणीचा हंगाम. ढग बघून मोर नाचतो हे डोक्यातून काढा. तो लांडोरीसाठी नाचतो, आणि सगळी पंचाईत तिच्यामुळेच होते.

जागा हेरणं सोपं. नर पुन्हा पुन्हा ठरलेल्या मोकळ्या तुकड्यावरच येतो. तिथून पंचवीस-तीस मीटरवर शेडनेटचा आडोसा आदल्या दिवशीच बांधून ठेवा. रात्र उंच झाडावर काढून मोर उजाडताच खाली उतरतो, म्हणून अंधार असतानाच आत जाऊन बसायचं. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते. शेताच्या बांधावर बसणार असाल तर मालकाला विचारलं की झालं.

इथवर काही अडत नाही. मग पिसारा उभा राहतो आणि आपल्या समोर येते ती पाठ! पिसाऱ्याला मागून टेकू देणारी खऱ्या शेपटीची ताठ तपकिरी पिसं, आणि खाली सोडलेल्या पंखांतली तांबूस पिसं थरथरत असलेली. निळं-हिरवं काहीच नाही. मला याचा फार वैताग येतो, पण मोराचं गणित वेगळं असतं. लांडोर जवळ येऊ लागली की तो मुद्दाम तिच्याकडे पाठ करतो, पंख झाडत राहतो आणि ती अगदी जवळ आली की गर्रकन वळतो. आता पिसारा थोडा पुढे झुकवून तो सळसळवतो, सेकंदाला साधारण पंचवीस वेळा. जवळ असाल तर वाळलेल्या पानांवर सर पडावी तसा आवाज येतो. गंमत म्हणजे सगळी पिसं हलत असताना पिसांवरचे डोळे मात्र जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात, कारण डोळ्यातले तंतू एकमेकांत घट्ट अडकलेले असतात.

आणि लांडोर काय करते? चरते. मातीत टोचा मारते, किडा उचलते, चालू लागते. नजर टिपणारी उपकरणं लांडोरींना लावून अभ्यास झालाय. त्यांचा बराच वेळ इकडेतिकडे बघण्यातच जातो, आणि नराकडे बघितलंच तर जास्त करून पिसाऱ्याच्या खालच्या भागाकडे. ती निघून गेली की पिसारा मिटतो आणि पुन्हा वाट बघणं आलं. वैतागून आडोशातून मान बाहेर काढलीत तर सकाळ गेलीच म्हणून समजा.

पाठच समोर येण्यावर एकच उपाय मला पटलाय. ऊन असेल तेव्हा पिसारा सळसळवणारा मोर सरासरीने सूर्याच्या उजवीकडे सुमारे 45 अंशांत तोंड करतो आणि लांडोर त्याच्या समोर असते. म्हणून सूर्य आपल्या उजव्या खांद्यामागे येईल असा आडोसा बांधा. पाठ करून पंख झाडताना मात्र हा नियम चालत नाही. ढगाळ दिवशीही यावर विसंबू नका. जुलैत म्हणजे बहुतेक दिवशी.

फोटो हवा असेल तर शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागावर (1/1000) ठेवा, नाहीतर पिसांच्या कडा पुसट येतात. आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं: ऑगस्टपासून पिसारा झडू लागतो, दसऱ्याला येऊन उपयोग नाही. पिसारा पुरता भरायला नराला चौथं वर्ष उजाडतं, तेव्हा आखूड पिसाऱ्याच्या पोरासमोर सकाळ घालवू नका. रेकॉर्ड केलेली हाक वाजवू नका. दाणेही टाकू नका. दाण्याला चटावलेला मोर पुढे शेजारच्या भुईमुगात शिरतो, आणि शिव्या मालक तुम्हालाच घालणार.