तोरणमाळच्या उतारावरच्या दोन आमरी

ऑगस्टचा शेवटचा आठवडा. शहाद्यात ऊन होतं, पण सातपायरी घाट चढायला लागलो आणि ढग थेट गाडीच्या काचेवर आले. जुलैत येऊन गेल्यापासून एक प्रश्न पिच्छा सोडत नव्हता, म्हणून महिन्याभरातच पुन्हा तोरणमाळ.

यशवंत तलावाच्या वरच्या उतारावर तेव्हा पांढरी हबेनारिया (ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस) ही आमरी, म्हणजे ऑर्किड, फुलली होती. जमिनीला चिकटलेलं रुंद पान आणि त्यातून वर आलेला दांडा. आता तिथंच, हातभर अंतरावर, हबेनारियाचीच दुसरी जात, पिवळी मार्जिनाटा, उभी आहे. माती तीच, पाऊस तोच. मग या दोघींचा संकर का दिसत नाही?

सोबतच्या पावरा दादांना यात कोडं वाटलंच नाही. "पांढरी सरली, भाऊ. आता पिवळीचे दिवस." खरंच, पांढरीच्या बहुतेक दांड्यांवर हिरव्या शेंगा धरल्या होत्या. हंगामच वेगळा असला तर परागांची गाठ पडणार कशी? ही पहिली भिंत.

पण उशिरा फुललेल्या दोन-तीन पांढऱ्या अजून होत्याच. मी गवताची काडी पिवळीच्या तोंडाशी हळूच टेकवली. बाहेर काढली तर टोकाला पिवळा परागपुंज चिकटलेला, मोहरीपेक्षाही लहान. ऑर्किडचे पराग असे गठ्ठ्यानं जातात. गठ्ठा किड्याच्या अंगावर नेमका कुठं बसतो, यावर पुढचं सगळं ठरतं. युरोपात प्लॅटँथेरा नावाच्या दोन पांढऱ्या भगिनी आहेत. डार्विननं 1862 च्या पुस्तकात त्यांना हबेनारियाच म्हटलंय. एकीच्या परागपुंजांच्या बुडाचे चिकट ठिपके जवळजवळ, म्हणून पुंज पतंगाच्या सोंडेला चिकटतात. दुसरीचे दूरदूर, म्हणून डोळ्यांना. पतंग दोघींकडे गेला तरी पराग बहुधा भलत्या जागी राहतो. काही मिलिमीटरचा फरक, पण त्यानं दोन जाती वेगळ्या राखल्यात! तरी कधीमधी चूक होते आणि मधल्या अंतराचे ठिपके असलेली संकरित झाडं उगवतात.

तेवढ्यात एक फिकट, सायीच्या रंगाचं फूल दिसलं. छाती धडधडली. गुडघे चिखलात टेकून पान पाहिलं, तर कडेला पिवळसर रेघ. मार्जिनाटाच, फक्त फिकी. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण संकर झाला असता तरी त्याचं बी धुळीसारखं, सोबत शिदोरी नसलेलं. जमिनीत योग्य बुरशी भेटली तरच रुजणार.

अंधार पडेपर्यंत शेवटच्या पांढरीपाशी बसलो. एक जाड पतंग आला, क्षणभर हवेत थरथरला आणि गेला. टॉर्च लावून पाहिलं. फुलाच्या उजव्या बाजूचा पुंज जागेवर नव्हता.