बिल्ड लॉग: इम्फाळचं हरिकेन आणि त्याच्या वरची अख्खी कमांड

मंडळी, अपडेट देतो. 1/72 मापाचं हरिकेन टू-सी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल, प्रायमरच्या (रंगाआधीच्या थराच्या) पुढं गेलं, वरून डार्क ग्रीन-डार्क अर्थ मारून झालं, पोटाला मिडियम सी ग्रे पण बसला. नाकाखालचा ट्रॉपिकल फिल्टर (इंजिनात धूळ जाऊ नये म्हणून असलेला) मात्र वेळ खातोय, दोन अर्धे भाग जुळतात तिथली रेघ पुट्टी भरून घासायला गेलं की गोलाईच सपाट व्हायला लागते, म्हणून आईस्क्रीमच्या काडीला पॉलिश पेपर चिकटवून पाणी लावत एकाच दिशेनं हलक्या हातानं घासतोय. बर्मा आघाडीवरच्या हरिकेनची ओळखच तो फिल्टर आहे, तिथं घाई नको.

विमान 1944 चं, स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग यांच्या नंबर 1 स्क्वाड्रनचं. आणि हो, स्टँडच्या पाटीवर नुसतं इंडियन एअर फोर्स लिहा, 'रॉयल' हे 1945 च्या मार्चमध्ये लागलं.

आता शेल्फबद्दल. मी विमानं देशवार लावत नाही, कमांडवार लावतो, कारण त्याशिवाय हे युद्ध कळतच नाही. हे हरिकेन इम्फाळला 221 ग्रुपकडं, तो ग्रुप ब्रिटिश एअर मार्शल बाल्डविनच्या थर्ड टॅक्टिकल एअर फोर्सकडं, तिचं ऑफिस आताच्या बांगलादेशातल्या कोमिलाला म्हणजे ब्रिटिश जनरल स्लिमची फोर्टीन्थ आर्मी जिथं होती तिथंच, त्याच्या वर कलकत्त्याहून चालणारी ईस्टर्न एअर कमांड आणि तिचा प्रमुख चक्क अमेरिकन, जनरल स्ट्रॅटमायर, आणि सगळ्यात वर नोव्हेंबर 1943 ला उभी राहिलेली एअर कमांड साउथ ईस्ट एशिया, आधी दिल्लीत, मग सिलोनात कँडीला. ब्रिटिश आणि अमेरिकन स्क्वाड्रन एकाच हुकमाखाली आणले हा मला त्या रचनेचा खरा जीव वाटतो. इम्फाळला जपान्यांचा वेढा पडायच्या वेळी 5 वी इंडियन डिव्हिजन बर्माच्या आराकानातून तोफा-खेचरांसकट विमानानं उचलून आणली ती अशीच, दोघांची ट्रान्सपोर्ट विमानं एकत्र वापरून.

डेकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) लावताना एक लक्षात ठेवा, किटमधले लाल ठिपक्याचे राउंडेल, म्हणजे विमानावरची गोल ओळखचिन्हं, इथं चालत नाहीत. जपानी लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपलेच आपल्यावर गोळ्या झाडतील म्हणून लाल काढूनच टाकला होता, बाहेर गडद निळा आणि आत फिका निळा एवढंच. पंखावरचे पांढरे पट्टे हरिकेनवर 1944 च्या मध्याला मी देणार नाही, ते सर्रास दिसतात 1945 ला.

वरच्या खुर्चीचा इतिहास पण चटका लावणारा आहे. एअर कमांड साउथ ईस्ट एशियाचा पहिला प्रमुख पियर्स, त्याच्यानंतर ली-मॅलरी यायचा होता, तो नोव्हेंबर 1944 ला वाटेतच आल्प्समध्ये विमान कोसळून गेला, आणि फेब्रुवारी 1945 ला त्या जागी आला कीथ पार्क, बॅटल ऑफ ब्रिटनमध्ये (1940 ची ब्रिटनवरची हवाई लढाई) ज्याच्याशी ली-मॅलरीचं हाडवैर होतं तोच.

युद्धानंतर कमांड सिंगापूरला गेली, 1949 ला फार ईस्ट एअर फोर्स झाली आणि 31 ऑक्टोबर 1971 ला बंद. त्या काळासाठी पुढचं किट ठरलंय, 81 स्क्वाड्रनचं फोटो-रेकी (टेहळणीचे फोटो काढणारं) स्पिटफायर पीआर 19, ज्यानं 1 एप्रिल 1954 ला आरएएफच्या (ब्रिटिश हवाई दलाच्या) स्पिटफायरची शेवटची ऑपरेशनल सॉर्टी, म्हणजे कामगिरीवरचं उड्डाण, सिंगापूरच्या सेलेतारहून केली. त्याच्या पोटाकडचा स्वच्छ फोटो कुणाकडं असेल तर टाका, कॅमेऱ्याच्या खिडक्या मला नीट कोरायच्यात.