कारणच सापडलं नाही, तर औषध कसं निवडलंत?

तळपायांची आग आणि रात्री बसणारे विजेसारखे झटके, म्हणजे माझ्या न्यूरोपॅथीबद्दल (नसांच्या दुखण्याबद्दल), मी कुठे बोलले, की हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे रिपोर्ट माझ्यासारखेच 'नॉर्मल' असतात. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते.

आधी 'नॉर्मल'बद्दल. नर्व्ह कंडक्शन टेस्टमध्ये (नसांतून विजेचा संदेश किती नीट जातो ते बघणारी तपासणी) नसांतले फक्त जाड तंतू तपासले जातात. आग, चटके, पांघरुणाचा स्पर्शही न सोसणं हे बारीक तंतूंचं काम, आणि ते त्या तपासणीत दिसतच नाहीत. त्यासाठी कातडीचा छोटा तुकडा काढून बघावा लागतो. त्यामुळे रिपोर्ट चांगला आहे म्हणून दुखणं मनाचं आहे, असं कुणी म्हणालं तर मुळीच ऐकून घेऊ नका. साखर (ग्लुकोज टॉलरन्ससकट), बी-12, थायरॉईड, रक्तातल्या प्रथिनांची इलेक्ट्रोफोरेसिस (प्रथिनं वेगवेगळी करून बघणारी तपासणी) एवढं झाल्याशिवाय 'कारण नाही' हे मान्य करू नका. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर बी-12 नक्की बघा. आणि 'नसांची ताकद' म्हणून घेतलेल्या गोळ्यांत बी-6 किती आहे तेही वाचा. ते जास्त प्रमाणात बरेच दिवस घेतलं तर त्यानेच नसा बिघडतात.

आता औषध. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन इथे फारसे चालत नाहीत. चालतात ती मुळात नैराश्यासाठी किंवा फिटसाठी आलेली औषधं. चिठ्ठीवर ती पाहून पुष्कळ जण बिथरतात. अमिट्रिप्टिलीन, नॉरट्रिप्टिलीन, ड्युलॉक्सेटीन ही मेंदूकडून मणक्यात उतरणारी, वेदना दाबणारी यंत्रणा बळकट करतात. गाबापेंटिन आणि प्रीगाबालिन नसांच्या टोकांवरच्या कॅल्शियमच्या वाटांना चिकटून वेदनेचे संदेश कमी करतात.

यातलं सर्वांत चांगलं कोणतं? अगदी आपल्यासारख्या, कारण न सापडलेल्या न्यूरोपॅथीच्या 402 रुग्णांवर अमेरिकेत एक अभ्यास झाला. तो 2021 साली 'जामा न्यूरॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 12 आठवड्यांत दुखणं निम्म्याने तरी कमी झालेले नॉरट्रिप्टिलीनवर सुमारे 25 टक्के, ड्युलॉक्सेटीनवर 23 टक्के, प्रीगाबालिनवर 15 टक्के. औषध सोडून देणारे मात्र तिन्हींत 37 ते 43 टक्के! हे आकडे वाचून मला आधी रडू आलं, पण निवड करताना त्यांचाच आधार झाला. कुठलंच औषध फार पुढे नसेल, तर 'कोणतं जोरदार' हे विचारण्यात अर्थ नाही. 'माझ्या शरीराला कोणतं झेपेल' हे विचारायचं.

माझी झोप पार मोडली होती, ईसीजी चांगला होता, काचबिंदू नव्हता. म्हणून डॉक्टरांनी आणि मी रात्रीची नॉरट्रिप्टिलीन ठरवली. हृदयाचा त्रास, काचबिंदू किंवा जुनी बद्धकोष्ठता असती तर नसती घेतली; पुरुषांनी प्रोस्टेटचा त्रासही बघावा. ड्युलॉक्सेटीनला यकृत आणि रक्तदाब बघावा लागतो, सुरुवातीला मळमळ होते. पण सोबत उदासी असेल तर दोन्हींचं भागतं. गाबापेंटिन, प्रीगाबालिन मूत्रपिंडांतून बाहेर पडतात, म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघूनच डोस ठरतो. गुंगी, चक्कर, वजन वाढणं, पायांना सूज हे त्यांचे त्रास. वयस्कर माणसाच्या बाबतीत पडण्याची भीती मी सगळ्यात वर ठेवीन.

माझ्या नॉरट्रिप्टिलीनचा सुरुवातीचा डोस अगदी कमी, म्हणजे 10 मिलिग्रॅम, आणि वाढवणं सावकाश. पहिल्या आठवड्यात त्रासच आधी जाणवला: तोंड कोरडं पडायचं आणि सकाळी जड वाटायचं. गुण यायला काही आठवडे जातात. 'लागू पडलं नाही' म्हणण्याआधी पुरेसा डोस पुरेसे दिवस घेतला होता का, ते बघा. मी सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी ठरवून घेतलं होतं की दहापैकी किती दुखतंय ते रोज लिहायचं आणि 30 टक्के उतार पडला नाही तर औषध बदलायचं. माझं सातावरून चारावर आलं. पूर्ण थांबलेलं नाही, पण रात्री झोप लागते, आणि तोंडाचा कोरडेपणा मी त्या बदल्यात पत्करलाय.

थोडं बरं वाटलं म्हणून, किंवा कंटाळा आला म्हणून, यातलं कोणतंही औषध एका दिवसात बंद करू नका. डोस डॉक्टरांच्या सल्ल्याने उतरवत आणायचा असतो. आणि दाखवायला जाताना आधी घेतलेल्या औषधांची यादी न्या: नाव, किती मिलिग्रॅमपर्यंत गेलात, किती दिवस घेतलंत आणि कशामुळे सोडलंत.