शाळेच्या लॅबमध्ये जिवंत जेलीफिश आणायचे म्हणजे काय काय करावं लागतं, माझा अनुभव

मी न्यू जर्सीत हायस्कूलला बायोलॉजी शिकवते. आमच्या लॅबमध्ये फॉर्मलिनच्या बरणीत एक जेलीफिश होता, पांढरा पडलेला, आणि तो दाखवून मुलांना काही म्हणजे काही कळायचं नाही, कारण या प्राण्याला ना मेंदू ना हाडं, त्याचं जे काय आहे ते सगळं त्याच्या हलण्यात आहे. म्हणून जिवंतच मागवायचे ठरवलं.

पहिला प्रश्न कुठला मागवायचा. सगळ्यांना मून जेली आवडतो, पण त्याला पाणी गोल फिरत राहील असा क्रायसल टँक लागतो, नाहीतर तो कोपऱ्यात अडकतो किंवा फिल्टरकडे ओढला जातो, आणि तो टँक शाळेच्या बजेटच्या बाहेर. मग कॅसिओपिया घ्यायचं ठरलं. हा फ्लोरिडा कीजच्या खारफुटीत, उथळ पाण्यात, तळाशी चक्क उलटा पडून राहतो, छत्री खाली आणि हात वर. अंगात एकपेशीय शैवाल असतं, ते उजेडात अन्न तयार करतं आणि त्यातला बराच भाग याला मिळतो. म्हणजे साधा चौकोनी टँक चालतो, फक्त लाईट चांगला पाहिजे.

फ्लोरिडात समुद्री प्राणी गोळा करून शाळांना, रिसर्च लॅबना, मत्स्यालयांना पाठवणारे लोक आहेत. विकायला पकडायचे तर तिथल्या राज्याचं लायसन्स लागतं, ते मी आधी विचारून घेतलं. फोनवरच्या बाईंनी मात्र पैशाचं काही बोलायच्या आधी मलाच विचारलं, टँक कधीपासून चालू आहे, अमोनिया किती येतोय? टँक अजून भरलेलाच नाही म्हटल्यावर म्हणाल्या मग ऑर्डर आत्ता घेतच नाही, आणि मला ते फार पटलं.

त्यामुळे आधी पाणी. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, पाइपमधून तांबं उतरू शकतं आणि तांबं या प्राण्यांना विष आहे, म्हणून आरओचं पाणी, त्यात समुद्री मीठ, लिटरला साधारण 35 ग्रॅम, मग खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरने तपासायचं. त्यानंतर नुसती वाट बघायची, कारण प्राण्यांच्या घाणीतून होणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया वाढायला कित्येक आठवडे जातात. रोज एक मुलगा टेस्ट किटचा रंग बघून वहीत लिहायचा. नायट्रोजन सायकल मी इतकी वर्षं फळ्यावर शिकवतेय पण एवढी नीट कोणाच्या डोक्यात गेली नव्हती. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर टिकले तेव्हा परत फोन केला.

थंडीत पाठवत नाहीत, आणि वीकेंडला खोका कुरियरकडे पडून राहू नये म्हणून आठवड्याच्या सुरुवातीलाच निघतो. निघण्याआधी खायला देत नाहीत म्हणजे पिशवीतलं पाणी खराब होत नाही. एवढं सगळं करूनही आमचा खोका एक रात्र डेपोत अडकला. थर्माकोल उघडला तर पाणी गार, 19 डिग्री, पिशवीत त्यांनीच सोडलेला चिकट स्राव आणि ते सगळे आकसून बसलेले. पिशवी टँकवर तरंगत ठेवली, मग बारीक नळीने थेंब थेंब टँकचं पाणी सोडत गेले. जाळीने उचलायचं नाही, नाजूक अंग फाटतं, भांड्यात पाण्यासकट घ्यायचं, आणि छत्रीखाली हवेचा बुडबुडा राहिलाय का ते बघायचं, कारण तो पुढे भोक पाडतो. एक गेला. बाकीच्यांच्या छत्रीची धडधड दुपारनंतर एका लयीत आली तेव्हा वर्गात कोणी बोलतच नव्हतं.

ग्लोव्ह्ज आणि गॉगल सक्तीचे. हात न लावताही आजूबाजूच्या पाण्याने चुरचुरतं, कारण हा त्या चिकट स्रावातून दंशपेशींचे बारीक गोळे सोडतो, ते कसं होतं हे शास्त्रज्ञांना 2020 मध्ये कळलं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर तिला जुहूच्या किनाऱ्यावरचे डंख मारणारे ब्लूबॉटलच आठवले, अगं लांब राहा म्हणाली.

आम्ही केलेला प्रयोग म्हणजे ठोके मोजणं, म्हणजे छत्री मिनिटाला किती वेळा मिटते-उघडते ते. कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की कॅसिओपिया रात्री झोपेसारख्या अवस्थेत जातो, दिवसा मिनिटाला साधारण 58 ठोके आणि रात्री 39. आम्ही कॅमेरा लावून ठेवला. आमचे आकडे तंतोतंत तेच नाही आले पण रात्री ठोके कमी होतात हे पोरांनी स्वतः मोजलं.

समुद्रातून किती काढायचे हा प्रश्न एका मुलीने विचारला आणि तो बरोबरच होता. शिमोमुरा या जपानी शास्त्रज्ञांनी 1961 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या फ्रायडे हार्बरला हजारो जेलीफिश गोळा केले, त्यातून पुढे जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन आणि 2008 चं नोबेल. तेव्हा दुसरा मार्गच नव्हता. वर्गासाठी मात्र मूठभर पुरतात, आणि पुढच्या वेळी मी फक्त पॉलिप्स मागवले, म्हणजे एका जागी चिकटून राहणारी जेलीफिशची आधीची अवस्था. ते टाकीत कळ्या सोडून आपोआप वाढतात, शैवाल आणि ऊब मिळाली की एकेक बाळ जेलीफिश सुटतं, आर्टेमिया या बारीक कोळंबीसारख्या प्राण्याची पिल्लं खातं. जास्त झालेले नाल्यात किंवा समुद्रात कधीच सोडायचे नाहीत. आमच्याकडचे एक वाटी पॉलिप्स शेजारच्या शाळेतल्या एका सरांना द्यायचे आहेत, त्यांच्या टँकचं नायट्राइट अजून उतरलेलं नाही म्हणून थांबलेय.