शिल्डेड केबल घ्यायच्या आधी तांबं बघा, कनेक्टर बघा, अर्थिंग बघा

हल्ली सांगलीत घर बांधणारे किंवा रिनोव्हेशन काढलेले बरेच जण विचारतात की भिंतीत लॅनची केबल कुठली घालू, आणि बहुतेकांना दुकानात आधीच सांगितलेलं असतं की कॅट ७ नाहीतर कॅट ८ (कॅट म्हणजे केबलची श्रेणी) शिल्डेड, म्हणजे वायरींवर फॉइल किंवा जाळीचं आवरण असलेली, घेऊन टाका, नेट पळेल. मला हे पटत नाही. शिल्डने स्पीड वाढत नाही, शिल्ड बाहेरचा इलेक्ट्रिकल गोंगाट अडवते, आणि ते कामसुद्धा दोन्ही टोकांचे कनेक्टर आणि घरचं अर्थिंग नीट असेल तरच होतं.

मुळात साध्या यूटीपी, म्हणजे शिल्ड नसलेल्या, केबलमध्येच गोंगाट मारायची सोय आहे. आत आठ वायरी, दोन-दोनच्या चार पिळलेल्या जोड्या. एका जोडीतल्या दोन्ही वायरींवर सिग्नल उलटसुलट जातो, बाहेरून आलेला गोंगाट मात्र दोन्हींवर जवळपास सारखाच बसतो, पलीकडचं पोर्ट फक्त दोन्हींतला फरक वाचतं त्यामुळे गोंगाट आपोआप वजा होतो. म्हणून तर टोकाला प्लग लावताना पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडायचा नाही. दोन-दोन इंच पीळ उलगडून प्लगमध्ये कोंबलेल्या वायरी मी इतक्या घरांत बघितल्यात की काही विचारू नका.

आता कॅटचं थोडक्यात. कॅट ५ई वर १ गिगाबिट १०० मीटरपर्यंत आरामात जातं, २.५ गिगाबिटसुद्धा जातं. कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटरपर्यंत, आणि बंगल्यात वरच्या मजल्यावर जाणारी केबल २०-२५ मीटरची असते, म्हणजे विषय संपला. कॅट ६ए वर तेच १०० मीटर. कॅट ७ चे स्वतःचे कनेक्टर वेगळे आहेत, आपला नेहमीचा लॅनचा प्लग आरजे ४५ नाही, आणि अमेरिकेच्या टीआयए या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने तो प्रकार मानलेलाच नाही, मग आरजे ४५ लावलेल्या कॅट ७ पॅच कॉर्डला (दोन्ही टोकांना प्लग लावलेल्या तयार केबलला) जास्तीचे पैसे कशाला द्यायचे? कॅट ८ तर ३० मीटरपर्यंत ४० गिगाबिटसाठी, डेटा सेंटरच्या रॅकमधली वस्तू.

पैसे घालायचेच तर तांब्यात घाला. बाजारात स्वस्तातली बरीच केबल सीसीए असते, म्हणजे अॅल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीच्या आसपास, वाकवली की वायर लवकर तुटते, आणि पीओईवर, म्हणजे लॅन केबलमधूनच वीज देऊन, कॅमेरे चालवणार असाल तर केबल तापते आणि लांबच्या कॅमेऱ्यापर्यंत व्होल्टेज पुरत नाही. ओळखायला सोपी आहे. एक वायर सोला आणि ब्लेडने हलकी खरवडा, आतून पांढरट चकाकी दिसली की परत द्या. खऱ्या तांब्याची वायर कितीही खरवडली तरी लालच. बॉक्स उचलून बघितला तरी हाताला फरक कळतो. दुकानदार खरवडू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

आणि कनेक्टर! विश्रामबागला मामेभावाच्या नव्या घरात केबल टाकणाऱ्याने भारी एस/एफटीपी घातलेली, प्रत्येक जोडीला फॉइल आणि वरून जाळी, पण टोकाला साधे प्लॅस्टिकचे प्लग. जाळी आणि फॉइल कापून मागं सारलेलं. वर कॉम्प्युटरवर लिंक १०० च दाखवत होती. टेस्टर लावला तर सहापर्यंतचे दिवे लागले, सात-आठचे काही लागेनात, म्हणजे ब्राऊनची जोडी ओपन. १०० एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात, म्हणून एक जोडी गेली की लिंक गुपचूप १०० वर येते आणि माणूस नेटवाल्याला फोन करत बसतो. त्या केबलची वायर जाड, २३ गेजची, आणि प्लग बारीक वायरींचा, मग ब्राऊन शेवटपर्यंत आत गेलीच नव्हती. आम्ही जाड केबलचे मेटल बॉडीचे प्लग आणले, जाळी मागं दुमडून प्लगच्या पत्र्याखाली चारी बाजूंनी टेकेल अशी बसवली, वायरींच्या रंगांच्या ठरलेल्या बी क्रमाने रंग लावून क्रिंप केलं, लिंक १००० वर आली. स्पीड आला तो ब्राऊनमुळे, शिल्डमुळे नाही.

शिल्डचं काम व्हायला ती कुठंतरी अर्थला टेकली पाहिजे. घरगुती राउटरचे पोर्ट बहुधा प्लॅस्टिकचे, अॅडाप्टर दोन पिनी, म्हणजे तिथं शिल्ड लोंबकळतीय. मेटल पोर्टचा नेटवर्क स्विच, त्याला तीन पिनी प्लग आणि तपासलेलं अर्थिंग, एवढं असेल तरच शिल्डेड घ्या. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, जुन्या वाड्यांत तिसरी पिन नुसती शोभेला असते.

मग शिल्डेड लागते कुठं? कुपवाड एमआयडीसीत खाली वर्कशॉप, वेल्डिंग मशीन, मोटरी, त्यांचा वेग बदलणारे ड्राइव्ह आणि वर घर असेल तर जरूर घ्या. लॅनला लाइटच्या पाइपातूनच न्यायचा विचार असेल तर शिल्डेडनेही तो प्रश्न सुटत नाही, वेगळा पाइप टाका, तो विजेच्या सुरक्षिततेचा मामला आहे. लाइट आणि लॅन एकमेकांना ओलांडायचेच तर काटकोनात.

गावभागात २०१९ चा पूर ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको, स्विच आणि बॉक्स वरच्या मजल्यावरच ठेवा, केबलमध्ये एकदा पाणी शिरलं की ती बाद.

आणि घरापासून गोठ्यापर्यंत किंवा शेजारच्या भावाच्या घरापर्यंत लाइन न्यायची असेल तर तांब्याची केबल नकोच, शिल्डेड तर अजिबात नको. दोन घरांची अर्थिंग वेगवेगळी, मग शिल्डमधूनच करंट वाहायला लागतो, त्यात आपल्याकडं वळीवाला विजा कशा कडाडतात ते माहीत आहे. तिथं फायबर टाका आणि दोन्हीकडं मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि लॅन जोडणारा डबा) लावा. घरातल्या घरात मात्र शंभर टक्के तांब्याची कॅट ६ यूटीपी, तिच्या गेजला बसणारे चांगले प्लग, आणि भिंत बुजवायच्या आधी प्रत्येक लाइन टेस्टरवर आठही दिवे लागेपर्यंत तपासलेली.