कॉन्फिडन्सच्या आधी हात बघा

शॉट चुकला की बेंचवरून लगेच "अगं कॉन्फिडन्स ठेव ना!" आज बास्केटबॉलच्या प्रॅक्टिसला परत तेच ऐकलं आणि खरंच राग आला. सेकंड इयरची पोरगी, डिफेन्सला कुणाला हलू देत नाही, पण हल्ली मोकळी उभी असली तरी थ्री (लांबच्या लाइनबाहेरून मारायचा तीन पॉइंटचा शॉट) मारत नाही, पास देऊन टाकते. सगळ्यांचं मत एकच, घाबरते ती.

मला अशा वेळी मार्केल फुल्ट्झ आठवतो. वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीकडून २०१६-१७ ला मॅचमागे २३ पॉइंट काढायचा, थ्री ४१ टक्के, २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे NBA च्या टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा, फिलाडेल्फियाने पहिल्या नंबरवर उचलला आणि काही महिन्यांत शॉटच गेला त्याचा. फ्री थ्रो (फाउलनंतर समोरून कुणी न अडवता मिळणारा शॉट) मारताना हात मध्येच अडखळायचा, ते व्हिडिओ जगभर फिरले, मानसिक आहे, प्रेशर झेपत नाही, लोक काय वाट्टेल ते बोलले. डिसेंबर २०१८ ला निदान आलं, थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, म्हणजे मान आणि खांद्याच्या मधल्या जागेत नसा दाबल्या जातात. विशीतल्या पोराच्या मनावर त्या सगळ्याचा परिणाम झालाच असणार, पण आधी खांदा बघायला हवा होता की नको?

आणि उलटं उदाहरण कवाय लेनर्डचं. सॅन दिएगो स्टेटला दुसऱ्या वर्षी थ्री फक्त २९ टक्के. २०११ ला NBA मध्ये सॅन अँटोनियोत गेला, तिथे शूटिंग कोच चिप एंगेलँड यांनी त्याची रिलीज, म्हणजे बॉल हातातून सुटायची जागा, थोडी खाली आणली, बाकी शॉट मोडला नाही, आणि पहिल्याच सीझनला ३७ च्या वर, तेही कॉलेजपेक्षा लांबच्या लाइनवरून! विश्वास ठेव म्हणून कुणी नुसती पाठ थोपटली असती तर हे झालं असतं असं मला नाही वाटत.

म्हणून आज मी तिचे शॉट मोबाइलवर स्लो मोशनमध्ये घेतले आणि दोघी कट्ट्यावर बसून बघितले. बॉल खांद्याच्याही खालून निघतोय, डावा हात शेवटी ढकलतोय, कोपर बाहेर, आर्क, म्हणजे बॉलची कमान, चपटा. रिंग ४५ सेंमीची असली तरी बॉल चपटा आला की त्याला ती तेवढी मिळतच नाही, पुढच्या कडेला लागून बाहेर. पण ती असं का मारते? तर आमच्याकडे प्रॅक्टिसला सगळे बॉल सात नंबरचे, मुलांचे, आणि मुलींच्या मॅचला सहा नंबर. सात नंबर मोठा, वजनाला जड, तो थ्रीच्या लाइनवरून, ६.७५ मीटरवरून, पोचवायला ती पूर्ण अंगाने ढकलते आणि मग मॅचमध्ये हलका बॉल हातात आला की तोच शॉट बोर्डवर जाऊन आदळतो. शॉर्ट जाणार की लांब तिचं तिलाच कळत नाही, मग ती मारेल कशाला? मी तिच्या जागी असते तर मीही पास दिला असता.

हे सांगितल्यावर म्हणाली, "ताई, मग माझ्यात प्रॉब्लेम नाहीये?" मी म्हटलं कोपरात आहे, तो सुटतो.

माझ्या बॅगेतला सहा नंबर काढला आणि रिंगच्या अगदी जवळून एका हाताने मारायला लावलं, डावा हात पाठीमागे, फॉलो-थ्रू धरून ठेवायचा, म्हणजे बॉल सुटल्यावरही हात तसाच वर, गेला तरी आणि नाही गेला तरी. फ्री थ्रो लाइनच्या मागे जायचं नाही असं बजावलंय, सध्या तेवढंच. थ्री मॅचमध्ये मारू का विचारत होती, तर पाय सेट असतील आणि समोर कुणी नसेल तर मार, मी बाहेरून काही ओरडणार नाही. बेंचवरच्या पोरींनाही सांगून ठेवलंय. सहा नंबरच्या बॉलचा अर्ज उद्या स्पोर्ट्स रूमला देते, नाही मिळाले तर आम्ही वर्गणी काढू.