शाडूचे राक्षस : मालिकेची पावसाळ्यातील नोंद

राक्षसमुखांच्या मालिकेतील रावण, घटोत्कच आणि खंडोबाच्या कथेतील दैत्य मणी ही मुखे पूर्ण झाली आहेत, कुंभकर्ण वाळत आहे आणि शूर्पणखेचा अद्याप केवळ तारेचा सांगाडा उभा आहे. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत शाडू लवकर वाळत नाही, हे येथील कुंभार गल्लीत कोणालाही सांगावे लागत नाही. घाईने पंख्याखाली ठेवल्यास वरचा थर आधी आकसतो आणि नाकाच्या मुळाशी तडा जातो. म्हणून मुखे ओल्या फडक्याखाली सावकाश वाळू द्यायची आणि तेवढ्या काळात ग्रंथ वाचायचे, असा क्रम ठेवला आहे. मालिकेचा नियम पूर्वीचाच आहे : ग्रंथातील एकच प्रसंग निवडायचा आणि त्या प्रसंगी राक्षसाकडे कोण पाहत आहे हे ठरल्याशिवाय माती भिजवायची नाही.

रावणासाठी सुंदरकांडातील दहावा सर्ग निवडला. लंकेत सीतेचा शोध घेणारा हनुमान रात्री अंतःपुरात शिरतो आणि झोपलेल्या रावणाला पाहून प्रथम भ्यायल्यासारखा मागे सरतो. पुढे वाल्मीकी जे वर्णन करतात ते मूर्तिकारासाठी सोन्याहून मोलाचे आहे. उडदाच्या राशीसारखा काळा देह, सर्पासारखे फुत्कारणारे श्वास, त्या श्वासांना आंबा, पुन्नाग आणि बकुळीचा, शिवाय अन्नाचा आणि मद्याचा वास, बाहूंवर ऐरावताच्या सुळ्यांनी केलेल्या जखमांचे व्रण. विशेष म्हणजे येथे तोंड एक आणि हात दोन आहेत. पुढे एकोणपन्नासाव्या सर्गात, दरबारात बांधून आणलेला हनुमान पुन्हा त्यालाच पाहतो तेव्हा मात्र दहा मस्तके स्पष्ट सांगितली आहेत. टीकाकारांनी या भेदाची संगती आपापल्या परीने लावली आहे, परंतु मला तो भेद जसाच्या तसा हवा होता : निद्रेत एक मुख, सिंहासनावर दहा. मी निद्रेतील मुख घडवले, पापण्या मिटलेल्या ठेवल्या आणि त्यामुळे डोळ्यांची आखणी, जी सर्वांत कठीण, ती या मुखात आलीच नाही.

या दोन सर्गांच्या मध्ये, बाविसाव्यात, हाच रावण सीतेला दोन महिन्यांची मुदत देतो आणि ती न मानल्यास स्वयंपाकी तिला न्याहारीसाठी कापतील असे सांगतो. एवढे झाल्यावरही दरबारातील हनुमान त्याचे रूप, धैर्य, सत्त्व आणि तेज पाहून थक्क होतो आणि अधर्म बलवान नसता तर हा इंद्रासह देवलोकाचाही रक्षक झाला असता, असे मनाशी म्हणतो. वाल्मीकी धमकीही पुसत नाहीत आणि कौतुकही आखडते घेत नाहीत. आजच्या पुनर्कथनांत हे धैर्य मला क्वचितच दिसते. रावणाला स्वतःची कैफियत मांडू देणाऱ्या कादंबऱ्यांची सध्या चलती आहे आणि त्यांतील बऱ्याच ठिकाणी न्याहारीचे ते वाक्य गाळलेले किंवा इतरांनी रचलेली अफवा ठरवलेले असते. सुळे उपटून काढले की सहानुभूती मिळवणे सोपे होते, पण मग ती सहानुभूती एका सामान्य माणसासाठी उरते आणि राक्षस कथेतून निघून जातो.

कुंभकर्णाबाबतही तेच. युद्धकांडात त्याला जागे करून आणल्यावर तो प्रथम रावणाला, हितोपदेश झिडकारल्याचे हे फळ आहे, असे तोंडावर सुनावतो. रावण चिडल्यावर मात्र भावाचा शब्द मोडत नाही आणि रणात उतरतो. रणात तो वानरांना खातो, हेही तितकेच खरे. मी खाली वळलेली भुवई आणि उघडे तोंड एकत्र ठेवले आहे. ओठांची कड वाळताना उकलू नये म्हणून आत कापडाची पट्टी दिली आहे.

कोल्हापूर-सांगली भागातील जैन परंपरा पाहता विमलसूरीच्या ‘पउमचरिय’ या प्राकृत जैन रामकथेला बाजूला ठेवणे योग्य झाले नसते. त्यात राक्षस हे विद्याधरांचे एक कुळ आहे, दहा तोंडे म्हणजे खरे मुख आणि गळ्यातील हारातल्या रत्नांत पडलेली त्याची नऊ प्रतिबिंबे आहेत आणि रावणाचा वध लक्ष्मण करतो, कारण अहिंसक रामाच्या हातून तो घडणे त्या चौकटीत बसत नाही. बुद्धीला हे पटते. मूर्तीच्या दृष्टीने मात्र यात घडवण्यासारखा फक्त हार उरतो, आणि तो मी हौसेने घडवला.

सर्वांत अधिक वेळ घटोत्कचाने घेतला. भासाच्या ‘मध्यमव्यायोग’ या संस्कृत नाटकात त्याच्या आईला, हिडिंबेला, उपवासाच्या पारण्यासाठी माणूस हवा असतो. तो ब्राह्मण कुटुंबाला अडवतो, पण अडवताना, ब्राह्मण पूज्य असतात हे मी जाणतो तरी मातेची आज्ञा असल्याने हे अकार्य करावे लागत आहे, अशा अर्थाचे बोलतो. तीन मुलांपैकी मधला जायला तयार होतो, घटोत्कच त्याला ‘मध्यम’ म्हणून हाका मारतो आणि त्या हाकेला, स्वतःलाही ‘मध्यम’ म्हणवणारा भीम ओ देत येतो. भीम मुलाला ओळखतो, पण मुलाला बाप ठाऊक नसताना झुंज होते आणि शेवटी हिडिंबाच मुलाला बापाच्या पाया पडायला लावते. माणूस खाण्याची तयारी आणि आईचा धाक एकाच चेहऱ्यावर आणणे हे या नाटकाचे आव्हान आहे, आणि मी ते हनुवटीत सोडवण्याचा प्रयत्न केला : सुळे पुढे, हनुवटी मात्र किंचित आत ओढलेली.

द्रोणपर्वात हा मुलगा मरतो तो रात्रीच्या युद्धात. कर्णाने अर्जुनासाठी राखलेले ‘शक्ती’ हे अस्त्र त्याच्यावर खर्च होते आणि मरताना तो देह वाढवून कौरवसेनेवर कोसळतो. पांडव रडत असताना कृष्ण सिंहनाद करतो, नाचतो, अर्जुनाला मिठी मारतो. शक्ती संपल्याचा हा आनंद युद्धनीतीत समजण्यासारखा आहे. परंतु पुढे तो हेही सांगतो की कर्णाने मारले नसते तर यज्ञांचा आणि ब्राह्मणांचा द्वेष करणाऱ्या घटोत्कचाला मलाच मारावे लागले असते. त्यानंतर युधिष्ठिर शोक करतो तेव्हा त्याला आठवतो तो वनवासात सेवा करणारा, थकलेल्या द्रौपदीला पाठीवर वाहून नेणारा मुलगा. काही पानांच्या अंतरात एकच जण धर्माचा वैरी आहे आणि घरचा लेकही. महाभारताने यांपैकी कोणालाही खोटे पाडलेले नाही.

येथवर काम करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. राक्षसाविषयी आपुलकी वाटते ती त्याचे अपराध कमी केल्याने वाटत नाही. त्याला नातेवाईक आणि स्वतःचे बोलणे दिले की वाटू लागते. रावणाचा मुलगा इंद्रजित, म्हणजेच मेघनाद, रामाला मिळालेल्या काकाला, बिभीषणाला, म्हणतो की परका गुणवान असला आणि स्वकीय निर्गुण असला तरी स्वकीयच बरा, कारण परका तो परकाच. मायकेल मधुसूदन दत्तांच्या 1861 सालच्या बंगाली ‘मेघनादवध काव्या’ची ताकद याच संवादाच्या जवळपास आहे : निःशस्त्र मेघनाद पूजेत बसलेला असताना लक्ष्मण शिरतो आणि वाट अडवून उभा असतो तो सख्खा काका. बकासुराला मात्र आदिपर्वात भूक आणि गाडाभर अन्न याखेरीज जवळजवळ काहीच दिलेले नाही, म्हणून त्याच्यासाठी कोणी हळहळत नाही.

शूर्पणखा अडली आहे. वाल्मीकी राम आणि ती यांना जोड्या लावून तोलतात, सुमुख राम आणि दुर्मुखी राक्षसी, आणि त्या तराजूत तिला जागाच राहत नाही. तमिळ रामायणकार कंबनाने तिला सुंदर रूप घेऊन आणले आहे. तेथे वेश आणि हेतू यांतील फट घडवता येईल, असा सध्याचा विचार आहे.

मणीचे मुख लवकर झाले, कारण खंडोबाची कथा सांगणाऱ्या मल्हारी माहात्म्याने काम सोपे केले आहे : शरण आलेला मणी आपला घोडा देऊन खंडोबाजवळ स्थान मिळवतो, तर त्याचा भाऊ मल्ल याचे मस्तक देवळाच्या पायरीशी जाते. जोडीचा मल्ल मी मुद्दाम करणार नाही. त्याच्या जागी केवळ पायरी ठेवीन.

नवरात्रापूर्वी कोल्हासुर व्हावा अशी इच्छा आहे. करवीरची कथा सर्वांना ठाऊक आहे : अंबाबाईच्या हातून मरताना तो या क्षेत्राला आपले नाव मागतो आणि देवी ते देते. ललिता पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवर कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो, तेव्हा तुकड्यांसाठी झुंबड उडते आणि शत्रूचे शिर मानलेली ती वस्तू लोक आदराने घरी नेतात. त्यामुळे मुख मागणी करणाऱ्याचे करावे की वध होणाऱ्याचे, हा प्रश्न आहे. सध्याचा कल मागणीच्या क्षणाकडे आहे, ओठ बोलण्यासाठी विलग आणि सुळे पूर्ण आकाराचे. रंगात गेरू आणि काजळी एवढेच वापरीन. ज्यांनी कोल्हासुर घडवला असेल त्यांनी डोळ्यांची आखणी कोणत्या दिशेने केली, देवीकडे की आपल्याकडे, हे कळवावे.